माळ्यावरून सूचना

सोमवार, ८ सप्टेंबर
आजपासून वादळ सरेपर्यंत रोज नोंद. हवामान खात्याचा इशारा आलाय: गुरुवारी दुपारी मोठी भरती, चार मीटरच्या लाटा, किनाऱ्यालगतच्या घरांत पाणी शिरण्याची शक्यता. आमचं घर बैठं आणि पहिल्याच रांगेत, म्हणून नियोजन हवं. बंदर कार्यालयात एकतीस वर्षं आवक-जावक सांभाळली आहे. समुद्र मला नवा नाही. टेबलावरून रोज दिसायचा.
मुलीचा फोन आला. आईला घेऊन आजच टेकडीवर माझ्याकडे या म्हणे, तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला दीड महिनाही झाला नाही. म्हटलं, घरात कर्ता माणूस आहे. तर म्हणते, बाबा, तीच तर काळजी आहे. विनोदबुद्धी माझ्यावर गेली आहे. ही शेजारी बसून ऐकत होती. हसली नाही.

मंगळवार, ९ सप्टेंबर
वाळूची चाळीस पोती भरायची ठरवली. साडेतीन भरली. कंबर. शेजारचा होडीवाला डोकावला. म्हणाला, काका, पोती दाराला लावतात, सोफ्याला नाही. सोफा नवा आहे हे त्याला काय माहीत. वर म्हणतो, काकूंना हलवा इथून, मीही उद्या निघतोय. ज्याच्याकडे होडी आहे तोच पळतोय! कीव आली.

बुधवार, १० सप्टेंबर, सकाळी
नियम तयार करून हिला वाचून दाखवले. लाटा बघायला किनाऱ्यावर जायचं नाही. समुद्राकडे पाठ करायची नाही. वाहत्या पाण्यात पाऊल टाकायचं नाही, घोट्याएवढं असलं तरी माणूस आडवा होतो. पाणी येण्याआधी मेन स्विच बंद. ही भाजी निवडत होती. म्हणाली, पहिला नियम राहिला. कोणता, तर म्हणे निघून जायचं. सविस्तर योजना सगळ्यांनाच झेपत नाही.

दुपारी
धक्क्याच्या कठड्यापर्यंत जाऊन आलो. लाटा बघायला नव्हे, पाहणीला. मुलीला धीर यावा म्हणून एक सेल्फी काढावा म्हटलं. त्यासाठी समुद्र मागे हवा. तांत्रिक अडचण आली. मोबाइल गेला, चष्मा गेला, उजवी चप्पल गेली, कोपर सोलवटलं. कॉलेजच्या दोन मुलींनी कॉलरला धरून ओढून काढलं. एक म्हणाली, आजोबा, अक्कल आहे का? वय एकसष्ट. आजोबा!
घरी सांगितलं, बाजारात घसरलो. हिने माझा शर्ट हुंगला. बाजारात समुद्र आलाय का, असं विचारलं. शर्ट लगेच धुवायला टाकला.

गुरुवार, ११ सप्टेंबर, सकाळी ९
नगरपालिकेची गाडी आली. भोंगा, व्हीलचेअर, एक तरुण नर्स. बघतो तर ही चप्पल घालून, पिशवी घेऊन दारात! माझ्याशी शब्दानेही न बोलता. मी पिशवी हातातून काढून घेतली आणि नर्सला सांगितलं, आमचं नियोजन पूर्ण आहे, जागा गरजूंना द्या. नर्स हिला म्हणाली, काकू, तुम्हाला काय वाटतं? हिला काय वाटतं ते मी सांगितलं. छत्तीस वर्षं मीच सांगत आलोय.
गाडी गेली. ही बराच वेळ उभी होती. मग चप्पल काढली.

११ वाजता
आपत्कालीन बॅग भरली. सेवापूर्तीचं सन्मानपत्र (फ्रेमसह), दाढीचं सामान, बिस्किटांचा पुडा, ही वही. हिच्या पिशवीत तिच्या गोळ्या होत्या म्हणे. मी ती कुठे ठेवली ते आठवत नाही. इतक्या गडबडीत पिशव्या नाचवू नयेत.

दुपारी २.२०
पाणी उंबऱ्यावर. वेळेच्या पाऊण तास आधी. हा हवामान खात्याचा हलगर्जीपणा. मेन स्विच बंद करायला गेलो, तर समोर सोफा आणि पोती. सुदैवाने वीज आपणहून गेली.

३.०५
गुडघाभर. स्वयंपाकघराच्या माळ्यावर जायचा निर्णय घेतला. शिडी वजन पेलते का हे बघायला आधी मी चढलो. पेलते. वर टेकल्यावर आठवलं की डॉक्टरांनी हिला चढ-उतार बंद सांगितली आहे. ही ओट्यावर चढली. कशी ते पाहिलं नाही, बॅग नीट लावत होतो. शिडी तरंगत पुढच्या खोलीत गेली.

३.५०
वरून सूचना देणं चालू. भिंत धर. खिडकीकडे सरक. डाव्या पायावर जोर दे. नको, उजव्या. संकटात कोणीतरी उंचावर असावं लागतं. चष्म्याशिवाय धूसर दिसतंय, पण अंदाज येतो.

४.४०
पाणी ओट्याच्या वर, हिच्या पोटऱ्यांपर्यंत. ऑपरेशनचा पाय थरथरतोय. बिस्किट मागितलं. टाकलं. पाण्यात पडलं. आता सहाच उरली, राखून ठेवणं भाग आहे. पाय ताठ ठेव, असं सांगितलं. तर म्हणते, अहो, आता मेहेरबानी करा आणि गप्प बसा. गप्प बसलो. तिचं तिलाच कळेल.

शुक्रवार, १२ सप्टेंबर, सकाळी ७
काल साडेपाचला बचाव पथकाची बोट आली. मागचं दार ढकलून दोघे छातीभर पाण्यातून आत शिरले. एकाने हिला पाठीवर घेतलं. मी आवाज दिला नाही. एक तर आमचा अबोला चालू होता. शिवाय माझ्याबद्दल तिनेच सांगावं, हे रीतीला धरून झालं असतं.
त्याने विचारलं, मावशी, घरात आणखी कोण आहे?
हिने मान वर केली. थेट माझ्याकडे बघितलं. तेवढं मला चष्म्याशिवाय दिसलं.
म्हणाली, कोणी नाही.
त्याला कागदावर लिहायचं होतं, म्हणून पुन्हा विचारलं, नक्की ना? तर म्हणाली, नक्की. एकटीच राहते मी.
बोट सुरू झाल्यावर मी ओरडलो. मोटरच्या आवाजात ऐकू गेलं नसणार.
घाबरून तोंडातून गेलं असेल, असं काल धरून चाललो होतो. पण निघताना तिने त्यांना दार ओढून घ्यायला सांगितलं. रिकाम्या घराचं घेतात तसं.