बाजेखालची आग

प्रिय सारुन,

चंथू अजून जिवंत आहे. हे पहिल्याच ओळीत लिहिते, कारण कोणतंही पत्र तू शेवटाकडून वाचतोस आणि सगळ्यात शेवटी पहिल्या ओळीवर येतोस. जहाजांना बर्फ पोचवणारी होडी आज दुपारी सुटेल. तुमच्या जहाजाला कधी गाठेल ते होडीवाल्यालाही सांगता येत नाही. तो इस्पितळाच्या फाटकाशी उभा आहे. मला म्हणाला, "ताई, सावकाश लिहा, बर्फ वितळला तर वितळू दे, मासे काही पळून जात नाहीत."

तुला मुलगी झाली. रडायला लागली की कपाळावर आठी पडते, ती तुझीच. बाळंतपण घरीच झालं, सुईणमावशीच्या हातून. मावशीने वार उलटसुलट करून पाहिली आणि पूर्ण आहे म्हणाली. मग आपल्या आईने रीतीप्रमाणे बांबूच्या बाजेखाली निखारे मांडले. निखारे घालायला आम्ही दोघी आळीपाळीने बसायचो. आईची आग तुला माहीत आहे, तिच्यात कसर नसते. पहिल्या दिवशी चंथू थट्टा करत होती. मला म्हणाली, "ताई, ही बाजू झाली, आता मासा उलटा." शेजारची सोफीप काकू दारातूनच बोलली, "हसतेस काय! आमच्या वेळी पाठीची सालं निघायची, तेव्हा कुठे बाई म्हातारपणी ताठ चालते." चंथू म्हणाली, "काकू, तुम्ही तर आत्ताच वाकलात." काकू रागावून गेली आणि संध्याकाळी आल्याचा रस घेऊन आली.

तिसऱ्या दिवशी चंथूला ताप चढला. पण आगीवर निजलेल्या बाईचं अंग तापलं तर त्यात कोणाला काय वाटणार? ती म्हणाली, छातीत धडधडतंय, पळून आल्यासारखं. तिच्या गळ्याच्या खळीत कातडी उडताना मला दिसत होती, मोजता येऊ नये इतकी भराभर. आई म्हणाली, "आग रक्तात भिनतेय, भिनू दे." आम्ही चिंचेचं आणखी एक लाकूड सारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे हातपाय गार पडले होते. खाली निखारे फुललेले आणि तळवे गार, ओले. आईला इतका आनंद झाला, सारुन. "उतरली बघ! आग आपलं काम करून बाहेर पडली." तिने कोंबडी कापली, आलं घालून पेज केली, शेजारी वाटली. चंथूने एक घास घेतला. मला विचारलं, सारुन जेवला का. मी म्हटलं, तो समुद्रावर आहे. ती म्हणाली, मग त्याचं झाकून ठेवा.

बाळाला टोचायला आरोग्य केंद्रातली नर्स आली, तिनेच पाहिलं. चंथूच्या दंडाला पट्टा बांधून तिने तो पुन्हा पुन्हा फुगवला. आई म्हणाली, "मोडकी यंत्रं घेऊन गावभर फिरतात." नर्सने पट्टा स्वतःच्या दंडाला लावून पाहिला. यंत्र चालत होतं. मग ती गाडीसाठी ओरडत रस्त्यावर पळाली.

इथला डॉक्टर शेतकऱ्याचा मुलगा आहे, समजेल असं सांगतो. वारेचा एक तुकडा आत राहिला होता, तो सडला. त्याचं विष रक्तात गेलं. तो म्हणाला, "पाट जागोजागी फुटलाय, ताई. पंप जीव तोडून चालतोय, पण शेवटच्या वाफ्यात पाणी पोचत नाही. म्हणून हृदय धावतंय आणि हात गार." त्यांनी तुकडा काढला, औषधं दिली, बाटल्यांमागून बाटल्या चढवल्या. मी विचारलं, आग नसती तर? तो म्हणाला, आगीने हे झालं नाही, आगीमुळे दिसलं नाही. हे मी आईला सांगितलं. घरी जाऊन तिने बाज मोडली आणि परत येऊन चंथूच्या पायांशी बसली. तेव्हापासून ते पाय चोळते आहे. चंथूच्या पायाची बोटं काळी पडली आहेत. चोळू नका म्हणून सांगितलं तरी ऐकत नाही.

काल मूत्रपिंडं थांबली. आता रक्ताचा दाब एका नळीतल्या औषधावर टिकून आहे आणि श्वास दुसऱ्या नळीवर. डॉक्टर म्हणाला, ती यातून परत येणार नाही. मी पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं, खाली न बघता. बाळाला सोफीप काकूची सून पाजते.

बाहेर मेलेल्याला आपण घरात घेत नाही. इथे गेली तर तिला घराचा जिना चढवता येणार नाही, अंगणापलीकडे ठेवावं लागेल, आणि तिला कायम घर शोधत फिरावं लागेल. आईला ते सहन होणार नाही, मलाही नाही. इस्पितळ एक गाडी देतं. सोबत नर्स येते, वाटभर हाताने पिशवी दाबून श्वास देते. औषधाची नळीही घरापर्यंत राहते. चटईवर ठेवल्यावर दोन्ही काढतात. नंतर फार वेळ लागत नाही म्हणे. काढा असं म्हणायचा हक्क नवऱ्याचा. डॉक्टरने मला विचारलं, नवरा कुठे आहे? मी समुद्राकडे बोट केलं. म्हणून हे पत्र. सारुन, नळी काढू दे का? तुझं उत्तर मला मिळणार नाही, पण तुला न विचारता मी ते करू शकत नाही. गाडी संध्याकाळी येईल. मी तुझं हो धरून चालले आहे.

तुझीच,
फल्लाताई