छाटलेल्या जाड फांदीबद्दल

ती. आक्कास,

धाकट्याचा नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, आणि दाजींचा खोकला गेला का, ते कळव. आम्ही ठीक आहोत. (हिच्या मते मी ठीक नाही, पण ते मत जुनं आहे.)

माझ्या हातून कामावर एक गोष्ट घडली आहे. आमच्या संशोधन केंद्राच्या प्रमुख, म्हणजे बाई, यांचं काचघरात एक झाड आहे. बावीस वर्षांपूर्वी त्यांनी दोन निराळ्या जातींच्या रानफुलांचा संकर केला, त्यातून ते झालं. फुलं भरपूर, बी एकही नाही. बाईंनी मला एकदा समजावलं होतं, की बी धरायचं तर आईकडच्या गुणसूत्रांना बापाकडून आलेल्यांत जोडीदार सापडावे लागतात. इथे दोन्हीकडची मंडळी इतकी वेगळी, की कुणाचं कुणाशी जमत नाही. (मला थोरल्या काकांचं घर आठवलं, पण मी बोललो नाही.) मात्र क्वचित एखादी पेशी दुभंगायचं विसरते, तिच्यातली सगळी गुणसूत्रं दुप्पट होतात, प्रत्येकाला आपल्यासारखाच जोडीदार मिळतो आणि वांझ झाडाला बी धरतं. ते मग आईच्याही जातीचं राहत नाही आणि बापाच्याही. एका झटक्यात नवी जात उभी राहते. आपला गहूसुद्धा अशाच दुपटीतून आलेला आहे म्हणे. बाई बावीस वर्षं त्या एका विसरभोळ्या पेशीची वाट बघत होत्या.

पण अशा पेशीतून फुटलेली फांदी दिसते कशी, हे मी विचारलं नव्हतं. बाई झाड माझ्यावर सोपवून तीन आठवडे परगावी गेल्या, तेव्हा एक फांदी मला खटकली. पानं जाड आणि काळपट, फुलं थोराड. रोग असणार म्हणून मी ती छाटली, नियमाप्रमाणे भट्टीत जाळली आणि नोंदवहीत लिहिलं, ‘सुजलेली एक फांदी काढली. झाड आता नीट दिसते.’ खाली वळणदार सही.

बाईंनी आल्याबरोबर वही वाचली.

“फांदीला बियांची बोंडं होती का?” त्यांनी विचारलं.

“होती,” मी म्हणालो. “चांगली टपोरी.”

त्या तिथेच पालथ्या बादलीवर बसल्या. मग म्हणाल्या, “तुमचं काही चुकलं नाही. मीच सांगायला हवं होतं.” आक्का, रागावल्या असत्या तर मी घरी येऊन जेवलो असतो.

मग मी भट्टीतली राख चाळली, काचघराची मोरी उपसली. हिनं माझी कामाची पँट चादरीवर झटकली, तर दुमडीतून तीन बिया पडल्या. त्या एका कुंडीत पेरल्या. बाई रोज सकाळी आधी त्या कुंडीपाशी यायच्या. अकराव्या दिवशी मला वासावरून कळलं, की ते टोमॅटो आहेत. (माझ्या डब्यातले.) बाईंना चौथ्या दिवशीच कळलं होतं, पण माझ्याकडे बघून त्या आठवडाभर गप्प राहिल्या. या महिनाअखेरीस त्या निवृत्त होतात. टेबलाचे खण रिकामे करणं सुरू आहे.

बाकी विशेष नाही. दाजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. गेल्या वर्षी तुझ्या खिडकीसाठी ओल्या कागदात गुंडाळून एक काडी आणली होती. बाजारातून आणली असं मी म्हणालो, ते खोटं होतं. ती त्याच फांदीची, कोवळी होती तेव्हाची. जगली असेल तर पानं जाड आहेत का बघ, बोंडांना हात लावू नकोस आणि दाजींना पाणी घालू देऊ नकोस.

दुसरा ता. क. बाईंना काल सगळं सांगितलं. चोरीबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. फक्त विचारलं, “तुमच्या बहिणीच्या खिडकीत ऊन सकाळचं येतं की दुपारचं?” तेव्हा काडी वाळून गेली असेल, तर उत्तर हा महिना उलटल्यावरच पाठव. तोवर आम्ही दोघं तुझ्या पत्राची वाट बघू.