मेण नसलेला शब्द

बाई,

तुम्ही सांगितलेली मेणाची गोष्ट खोटी निघाली. काल कंपनीच्या बसमध्ये वाटलं, हे तुम्हाला सांगायलाच हवं. आणि मग आठवलं, तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली ते.

दहावीच्या वर्षी मी संत तुकाराम नगरातल्या तुमच्या घरी इंग्रजी शिकायला यायचे. तुम्ही स्वयंपाकघरात मेथी निवडताय, मी समोर फरशीवर बसून पत्रलेखन करतेय. शेवटी मी 'युवर्स सिन्सिअरली' लिहिते आणि तुम्ही विचारता, "अर्थ काय गं याचा?" मी म्हणते, "असंच लिहितात, बाई." "असंच? अर्थ ठाऊक नसलेल्या शब्दाखाली सही करतेस?" मग तुम्ही सांगितलंत, जुन्या रोममध्ये काही मूर्तिकार संगमरवराच्या चिरा मेणानं बुजवायचे. ऊन लागलं की मेण वितळायचं, चीर उघडी पडायची. म्हणून चांगला मूर्तिकार आधीच सांगायचा, माझ्या मूर्तीत मेण नाही. लॅटिनमध्ये 'सिने सेरा', मेणाविना; त्यावरून सिन्सिअर म्हणजे बिनमेणाचं, निर्मळ.

आता मी चाकणला एका कारखान्यात ओतीव लोखंडी भाग तपासते. मध्यंतरी ब्रेकच्या भागांत छिद्रं सापडली. पुट्टी भरून, घासून, वरून रंग मारलेला. सुपरवायझर म्हणाला, "मॅडम, रंगाखाली कुणाला दिसतंय? सोडा की." मला तुमचं मेण आठवलं. म्हटलं, "ब्रेक आहे हा, भाऊ. नाही सोडणार." सगळा माल परत गेला, लाइन थांबली, पोरांचा ओव्हरटाइम बुडाला. तेव्हापासून कँटीनमध्ये माझ्या टेबलाशी कुणी बसत नाही. बसमध्ये शेजारची सीट रिकामी राहते.

काल त्याच सीटवर पर्स ठेवून मी फोनवर तो शब्द शोधला. मेणाची गोष्ट लोकांनी मागाहून रचली, असं तिथे लिहिलंय. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ नुसता शुद्ध, भेसळ नसलेला. बहुधा 'एकाच वाढीचं' यावरून आलेला. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर सरकवून म्हणाला असतात, "कुठे लिहिलंय? दाखव बघू." मग आपण दोघी चहा गार होईपर्यंत भांडलो असतो. गोष्ट खोटी आहे हे आधी कळलं असतं, तरी तो माल मी सोडला नसता. एवढं मात्र तुम्ही न भांडता मान्य केलं असतंत.

खरं सांगू? शब्दाचं निमित्त आहे. हे पत्र कुठे टाकता येणार नाही, हे मला ठाऊक आहे. आज दिवसभरात मला कुणी नावानं हाक मारली नाही, बाई.