न आलेल्या बहिणीचा अनुभव

॥ श्री गजानन प्रसन्न ॥

अंबरनाथ पूर्व,
बुधवार, १ ऑक्टोबर २००८

चि. वृंदास,
बकुळाताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक. काल घट बसले. ह्यांचा गुडघा आहे तसाच आहे. अंबरनाथहून बदलापूरला, एकाच स्टेशनाच्या अंतरावर, पत्र टाकते म्हणून हसशील. पण फोन तू ठेवून देशील. कागद मात्र तुला अर्धवट टाकवत नाही. लहानपणी भेळेचा कागदसुद्धा उलटून वाचायचीस.

अगं, तुझी बहीण कॉम्प्युटरवर छापून आली आहे!

आमच्या खालच्या मजल्यावरची भावना सायबर कॅफेत कामाला लागली. तिने मला एक मराठी साईट दाखवली. तिथे एक सर आहेत. 'एकवीस दिवसांत तुटलेली नाती जोडा', रोज एक पाठ, फुकट. फुकट म्हटल्यावर मी कशाला सोडते! देवपूजा आटोपून जायचे आणि पाठ वहीत उतरवून आणायचे. सातवा पाठ असा, की जे हवं आहे ते झालंच आहे असं समजून लिहा आणि आम्हाला पाठवा. मी सांगत गेले, भावना टाइप करत गेली. 'चार वर्षांनी माझी धाकटी बहीण घरी आली. आम्ही एका ताटात घावणे खाल्ले.' सांगतानाच मला रडू फुटलं.

गेल्या शनिवारी बघते तर 'साधकांचे अनुभव' या पानावर तिसऱ्या नंबरला, सौ. बकुळा, अंबरनाथ! खाली माझा गृहपाठ, वर 'चमत्कार घडला!' खरं सांगू, आधी आनंदच झाला. मॅट्रिकच्या निकालानंतर नाव छापलेलं कधी पाहिलं नव्हतं. भावनाला म्हटलं, जरा मोठं कर गं.

"किती मोठं करू काकू? दारावर पाटी लावायचीय का?" आणि मग म्हणाली, "पण काकू, मावशी आलीच नाही ना?"

मी ते पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

मग मला चेवच चढला. बाकीचे अडतीस अनुभव आम्ही दोघींनी वाचून काढले. नवरा परतला, सासू निवळली, मुलगा अभ्यासाला लागला. पण कोणत्या वारी परतला, दारात आधी कोण बोललं, कोण रुसून बसलं, काही म्हणजे काही नाही. सगळे माझ्या गृहपाठासारखे गुळगुळीत! तुला ठाऊक आहे, मी रोजची वही लिहिते, पण न आणलेली भाजी कधी लिहिली नाही. भावनाने 'हे काढून टाका' असं कळवलं. उत्तर आलं, 'शंका सोडा, अनुभव आपोआप खरा होईल.'

घरी येते तोच समोरची गंगू पेढे मागायला आली. "बहीण आली म्हणे! तुमचं नाव वाचून मी पण चालू केलंय, आमच्या जाऊबाईंसाठी." तिला बसवून खरं सांगितलं. तर म्हणते, "अगं बाई! मग बारा दिवस मी तिला फुकटच माफ करतेय?"

आम्ही पोट धरून हसलो. पण ती गेल्यावर माझं हसू थांबलं.

कारण मीही तेच करत होते. एकवीस दिवस देवासमोर मोठ्याने म्हणत होते, 'वृंदा, मी तुला माफ केलं.' भावनाने सहज विचारलं, "पण काकू, मावशीने केलं काय होतं?" एवढे पाठ दिले, पण हा एक प्रश्न सरांनी कधी विचारला नाही. सल्ला देणाऱ्याची पारख मी आता यावरूनच करणार. जो माझी एकटीची बाजू ऐकून मान डोलावतो, तो माझा हितचिंतक नव्हे.

तू काय केलं होतंस? लेकीच्या लग्नानंतर शलाकाला आणि जावयांना, महेंद्ररावांना, कौतुकाने माझ्याकडे आणलंस. मी तुम्हा दोघींना स्टीलच्या पेल्यातून पाणी दिलं आणि त्यांना प्लास्टिकच्या, फेकायच्या पेल्यातून. पेले कमी पडले असं तुला सांगितलं.

वृंदा, पेले कमी नव्हते. फळीवर आणखी सहा होते. ते बौद्ध आहेत म्हणून मी तसं केलं. शलाका त्यांच्या हातातला पेला घेऊन स्वतः पाणी प्यायली आणि तू चपला घातल्यास. एवढंच तू केलंस.

कॉम्प्युटरवर तू माझ्याकडे आलीस असं छापलं आहे. ते तुझ्याकडून खरं करून घ्यायचा मला अधिकार नाही. मीच येते. दसऱ्याला महेंद्ररावांकडे मोठा दिवस, सगळे विहारात असतील, हे आता मला कळतं. म्हणून रविवारी, बारा तारखेला, सकाळी बदलापूरला, तुझ्या शिरगावच्या घरी येईन. त्यांना आणि शलाकाला तुझ्याकडे बोलावून ठेव. मी त्यांच्याकडे पाणी मागेन, ते स्वतः पितात त्या पेल्यातलं. द्यावंच असं नाही. नाही दिलं तर तहानलेली परतेन आणि वहीत तेच लिहीन.

कागद संपला. घडीवरही लिहून झालं.

जिच्या नावावर सध्या खोटं छापलेलं आहे ती,
तुझी
बकुळाताई