पंचविसावा दाणा

॥ श्री ॥
पारोळा, १० फेब्रुवारी १९९७

चि. सौ. प्रमिलास आईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या संस्थेच्या सामानाची पोच राहिली होती: चित्रांची गुंडाळी एक, झाकणाचे डबे दोन. हमाली तीन रुपये. सुतळी जपून ठेवली आहे.

एड्सचे दोन्ही कार्यक्रम झाले. खालच्या गल्लीत भोंगा लावून कवटीची चित्रे दाखवली. गर्दी जत्रेसारखी, मला वाटले हाच खरा. वरच्या गल्लीत सहा-सहा जणींच्या बैठका घेतल्या. नवऱ्याजवळ विषय कसा काढायचा ते एकमेकींवर करून पाहिले. यशोदाबाई नवरा होऊन मिशी पिळत बसली, हसून पोट दुखले.

महिन्याने दोन्हीकडच्या चोवीस-चोवीस बायकांनी डब्यात दाणा टाकला. नवऱ्याशी बोलली तर ज्वारी, नाही तर हरभरा. कोण काय टाकते ते मी पाहिले नाही, बालाजीची शपथ. खाली ज्वारी तीन, हरभरे एकवीस. वर ज्वारी सतरा, हरभरे आठ. माझा अंदाज चुकला, तुझा खरा ठरला, याचा आनंद मावत नाही.

तुझे वडील ट्रक घेऊन सुरतेला गेलेत. लोभ आहेच, तसाच राहो.

तुझी आई

धुळे, १३ फेब्रुवारी १९९७

ती. सौ. आईस सा. न. वि. वि.

महामार्गावरच्या तीस गावांत कुठला कार्यक्रम न्यायचा, ते समिती येत्या बावीस तारखेला, शनिवारी ठरवणार. अध्यक्ष बन्सीलालभाऊंनी तुझी बेरीज केली. वर बायका चोवीस आणि दाणे पंचवीस! त्यांचे म्हणणे की एक दाणा खोटा तर सगळेच खोटे, भोंगाच नेऊ. दूधवाल्याची पावशेराची चूक पकडणारी तू, इथे कशी चुकलीस गं? वडिलांना नमस्कार. माया असू दे.

तुझी प्रमिला

पारोळा, १८ फेब्रुवारी १९९७

चि. सौ. प्रमिलास आशीर्वाद.

बेरीज चुकलेली नाही. पंचविसावा दाणा माझा. मी शिकवणारी, मोजणीत नव्हते, पण बोलले होते. मग हात रिकामा ठेवणे जमले नाही.

तुझे वडील जेवत होते. सत्तावीस वर्षांत न काढलेला विषय काढला. घास हातातच राहिला. मग म्हणाले की सगळी बठ्ठी गल्ली शिकवून झाली, आता माझा नंबर का. पण सुरतेला निघताना सरकारी दवाखान्यातून निरोधची पाकिटे आपण होऊन घेतली, क्लीनरलाही दिली.

माझा दाणा काढ, सोळा लिही. तीनापुढे सोळाही पुष्कळ झाले. हे पत्र समितीत खुशाल वाच. वडील काल सुरतेहून परतले, त्यांना विचारले आहे. म्हणाले की लेकीच्या कामात आपले नाव निघाले तर मान खाली कशाला घालायची.

लोणच्याचे जुने डबे घासून ठेवते आहे, तीस गावांना लागतील. शनिवारी काय ठरले ते उलट टपाली कळव.

तुझी आई