पाच नंबरचा नारिंगी दिवा

३ ऑक्टोबर, शुक्रवार

दसऱ्याची रजा संपवून कर्जतला उतरले ती थेट दूधकेंद्रात, तर दारातच भांडण! फॅटच्या मशीनचे आकडे ऑफिसात येईनात. गहिनीनाथकाका कॅन घेऊन उभे — "आमच्या म्हशीची फॅट गेली कुटं, पोरी?" मला काय माहीत!

मशीन-कॉम्प्युटरच्या सगळ्या वायरी ज्यात येतात त्या स्विचवर पाच, सहा, सात — वायर खोचायच्या या तिन्ही पोर्टांचे दिवे नारिंगी, म्हणजे बंद. बंद करून चालू केला. जरा वेळ हिरवे, की पुन्हा नारिंगी.

मॅनेजर यज्ञेश्वर सरांनी हातावर आपट्याचं पान ठेवलं आणि म्हणाले, "ओ कॉम्प्युटर, सोमवारी अध्यक्ष येतायत. तोवर जमलं नाही तर पुण्याची माणसं बोलावू. मग तुम्हाला कायम करण्यात अर्थ नाही." सणाचं सोनं देऊन वर हे! आणि इतक्या महिन्यांत एकदा तरी नावानं हाक मारावी ना माणसानं.

४ ऑक्टोबर

उंदरांनी कुरतडली असेल म्हणून वायर बदलली. पिन नवी ठोकली. ढिम्म!

५ ऑक्टोबर, रविवार

स्विचमधली नोंद वाचली. अनोळखी मशीन आलं म्हणून पोर्ट बंद. हे कुलूप माझंच — ज्या पोर्टाला जे मशीन ठरवलं तेच चालेल. पण नवीन मशीन आहे कुठं? पाच नंबरवर 'अनोळखी' दिसतोय तो आपलाच हिशेबाचा कॉम्प्युटर! त्याची जागा सातला. तो पाचवर कसा? डोकं पार भंजाळलं.

झाडलोट करणाऱ्या छबूबाईंना विचारलं. "म्या न्हाई बाई हात लावला. लई भ्या वाटतं त्या दिव्यांचं. खंडेनवमीला सायबांनीच समदं पुसलं, पूजा बी त्यांनीच केली."

मी तेव्हा पुणतांब्याला, घरी! ग्रुपवरचा फोटो शोधला. झेंडूचा हार, हळदकुंकू, मध्ये माझा स्विच — लख्ख, आणि एकही वायर नाही! सगळ्या उपटल्या, पुसल्या आणि दिसेल त्या भोकात खोचल्या. वायरींवरच्या माझ्या चिठ्ठ्याही ओल्या फडक्यानं गेल्या. मी उगाच उंदरांना शिव्या देत होते!

असा संताप आला. पुरावाच हातात! मग फोटोखालची ओळ वाचली — "पंकजाताई रजेवर आहेत. त्यांच्या यंत्राची पूजा त्यांच्या वतीने केली. — यज्ञेश्वर."

आता रडू की हसू? वायरी जागच्या जागी लावल्या, दिवे हिरवे झाले. पण उद्या काय सांगू? फोटो दाखवला तर यज्ञेश्वर सरांना अध्यक्ष सगळ्यांसमोर झापणार. नाही दाखवला तर चूक माझ्या माथी, नोकरीही जाईल. काही सुचत नाही.

६ ऑक्टोबर

अध्यक्षांनी विचारलं, "काय झालं होतं?" मी म्हणाले, "माझ्याकडून वायर चुकली."

यज्ञेश्वर सर उठून स्विचपाशी आले. मग म्हणाले, "खोटं बोलू नका, पंकजाताई. वायरी मी काढल्या होत्या."