मलिद्याला प्रसाद म्हटलं

बारामती, रविवार, दिवेलागण

आज लेकीचं, मिलकाचं जावळ काढलं. पुण्याहून दिरांची माणसं आली होती. भिजवलेल्या पोह्यांत गूळ-खोबरं कालवून मलिदा केला, आमच्या प्रेषिताचं, एलियाहू हन्नाबीचं नाव घेतलं. पोरीला सासूबाईंचंच नाव ठेवलंय, म्हणून त्यांच्या फोटोपुढे दिवा लावला. सगळं नीट झालं होतं.

तेवढ्यात शेजारी नव्यानं राहायला आलेल्या सुनंदाताई दारात. "काय कार्यक्रम हाय वो?"

मी मलिद्याची ताटली पुढे केली आणि बोलून गेले, "सत्यनारायण होता."

का? आम्ही यहुदी म्हटलं की म्हणजे कोण, कुठले, हे सांगत बसायचा कंटाळा? की भीतीच वाटली?

ताईंनी चपला काढल्या, ताटली कपाळाला लावली आणि पाया पडायला सरळ आत आल्या. देवाची तसबीर काही दिसेना, म्हणून सासूबाईंच्या फोटोलाच हात जोडले. "सत्यनारायणाची रीत ह्यांनीच घातली आसंल, न्हाय?"

घरातली सगळी माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "होय."

ह्याच ताटलीत मलिदा घेऊन सासूबाई गल्लीभर फिरायच्या. कुणी विचारायच्या आधीच सांगायच्या, "आमच्या एलियाहूचा मलिदा हाय, घ्या." आणि मी आज त्यांच्याच फोटोसमोर...

निघताना ताईंनी मिलकाच्या तुळतुळीत डोक्यावरून हात फिरवला. "आजीवानी व्हऊ दे गं बाई."

माझ्या ओठांवर आमेन आलं होतं. तेही गिळलं.